बचनागाचा कोपरा

"तो मागचा कोपरा राहू दे. तिथलं मी बघेन," असं मॉरीन म्हणाली, तेव्हा मंजिरीला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते आठ दिवसांनी.

मंजिरी आणि मॉरीन केंब्रिजच्या उत्तरेकडच्या एका खेड्यात एकोणीस वर्षं शेजारी राहत होत्या. दोन घरांच्या मागच्या बागांमध्ये लाकडी कुंपण होतं आणि त्याला एक छोटं फाटक. फाटकाला कडी होती, पण ती लावायची वेळ कधी आली नव्हती. बाग म्हणावी अशी बाग एकच, मॉरीनकडची, आणि तीही खरी तिच्या नवऱ्याची. कीथ रेल्वेत सिग्नल दुरुस्त करायचा आणि कामावरून आला की गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन मातीत बसायचा. हिरवळीच्या दोन्ही अंगांना त्यानं फुलझाडांचे लांब पट्टे केले होते. थंडीत वरून वाळून जाणारी आणि वसंतात मुळापासून पुन्हा फुटणारी झाडं सगळी. नोव्हेंबर आला की वाळलेले देठ जमिनीलगत कापून पट्टे स्वच्छ करायचे, हा त्याच्या घरचा सणच होता म्हणा ना.

दोन वर्षांपूर्वी कीथला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्याची खाट पुढच्या खोलीत आली आणि कात्र्या बायकांच्या हातात आल्या. कीथचे नियम दोघींना पाठ होते. पिओनीचा सगळा पाला कापून लांब टाकायचा, नाहीतर रोग मातीत राहतो. फ्लॉक्स आणि ॲस्टर बोटभर ठेवून कापायचे. कोनफ्लॉवरची काळी बोंडं मात्र तशीच ठेवायची, कारण हिवाळ्यात त्यावर पाखरं येतात. उंच गवतांना मार्चपर्यंत हात लावायचा नाही.

त्या दिवशी दोघी सकाळी दहापासून वाकल्या होत्या. रात्री दव गोठलं होतं आणि होस्टाची पानं शिजवलेल्या पालेभाजीसारखी मातीवर पसरली होती. मॉरीन फार वाळली होती. अंगातला कोट खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. सप्टेंबरपर्यंत कीथचं अंग पुसायला, कपडे बदलायला सकाळची एक केअरर यायची, तिलाही मॉरीननं बंद केलं होतं. "कीथला परक्या बाईचा हात सहन होत नाही," असं ती सांगायची.

मधेच घरातून टक टक आवाज आला. कीथला काही हवं असलं की तो डाव्या हातानं खाटेच्या कठड्यावर चमचा वाजवायचा. मॉरीन देठ कापत राहिली. टक टक. मंजिरीनं मान वर केली. मॉरीनच्या कानापर्यंत आवाज पोचलाच नसावा, असं तिला आधी वाटलं. पण मॉरीनची कात्री थांबली होती. ती नुसती मातीकडे बघत होती. मंजिरी नकळत मोजत गेली. अकराव्या ठोक्याला मॉरीन उठली, हातमोजे काढले आणि आत गेली.

परत आल्यावर तिनं मागच्या कोपऱ्याचं ते वाक्य टाकलं. मंजिरीची कंबर भरून आली होतीच. ती बरं म्हणाली आणि घरी गेली.

त्या कोपऱ्यात कीथचं लाडकं झाड होतं. माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच, आणि ऑक्टोबरात बाकी सगळं उतरणीला लागलं की गडद निळ्या टोपड्यांसारख्या फुलांनी भरून जाणारं. इंग्रजीत त्याला मंक्सहूड म्हणतात. मंजिरीनं ते पहिल्या वर्षीच ओळखलं होतं. पुण्याच्या आयुर्वेद कॉलेजातून ती वैद्य होऊन बाहेर पडली होती. त्या पदवीला इथं कुणी विचारलं नाही आणि केमिस्टच्या दुकानात औषधं मोजून देण्यात तिची बावीस वर्षं गेली. त्यामुळं ते झाड दिसल्यावर तिला राहवलं नव्हतं. "अगं, हा आमच्याकडचा बचनाग!" ती म्हणाली होती, आणि मग चहा पिता पिता त्याच्या मुळाचं विष, जुन्या काळचे विषारी बाण, वैद्य लोक ते शुद्ध कसे करत, असं सगळं पुराण तिनं लावलं होतं. कीथ म्हणाला, म्हणूनच मी हातमोज्याशिवाय त्याला शिवत नाही. मॉरीन हसून म्हणाली, "म्हणजे नवऱ्यानं फार छळलं तर सोय आहे घरात!" तिघंही पोट धरून हसली होती. अठरा वर्षं झाली असतील त्याला.

आठ दिवसांनी राहिलेली डावी बाजू करायला मंजिरी फाटकातून आत आली आणि तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं.

कापलेलं झाड खुंट ठेवतं. पट्ट्यात सगळीकडे बोटभर खुंट दिसत होते. त्या कोपऱ्यात मात्र काहीच नव्हतं. माती सपाट केलेली, वर लाकडाच्या सालींचा थर, आणि तो पायानं नीट दाबलेला. कुणीतरी ते झाड मुळासकट खणून काढलं होतं.

असेल, जागा बदलायची असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण मग दुसरीकडे लावलेलं दिसायला हवं. ती दोन्ही पट्ट्यांच्या कडेनं हळूहळू चालत गेली. कुठंच नव्हतं. कुजवणाच्या ढिगाऱ्यावर नव्हतं. बागेच्या कचऱ्याचा हिरवा बिन स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता. मंजिरीनं इकडेतिकडे बघितलं, झाकण उचललं आणि आत हात घातला. मागच्या आठवड्यात तिनंच टाकलेले देठ, पिओनीचा पाला, तळाशी सडका चिखल. गाजरासारखी काळी मुळं कुठंच नव्हती.

झाकण ठेवून तिनं मान वर केली, तर खिडकीत मॉरीन. हात सिंकमध्ये आणि डोळे मंजिरीवर. मंजिरीनं हसून हात हलवला. मॉरीननं हलवला नाही.

थोड्या वेळानं ती बाहेर आली तेव्हा मंजिरीनं जमेल तितक्या सहज स्वरात विचारलं, "मंक्सहूड काढलंस का गं?"

"कापलं."

"मुळं पण काढलीस?"

"कापलं म्हटलं ना," मॉरीन म्हणाली. "आज थंडी फार आहे. तू जा घरी. आणि उद्या थोडं आलं देशील का, घरात असेल तर? कीथच्या पोटात काही ठरत नाहीये. दोन दिवस उलट्या चालल्यात."

मंजिरी घरी आली ती थेट सिंकशी गेली आणि तिनं कोपरापर्यंत हात धुतले. अतुल, तिचा नवरा, टेबलाशी बसून चष्म्याची काडी दुरुस्त करत होता.

"अहो, मॉरीन खोटं बोलली माझ्याशी."

सगळं ऐकून घेऊन अतुल म्हणाला, "एवढंच? अगं, झाड तिचं, बाग तिची. उपटलं असेल, विसरली असेल. त्या बाईला झोप आहे का धड?"

"मग मुळं गेली कुठं?"

"मला काय ठाऊक? आणि तू लोकांचे बिन उघडून बघतेस? तुझं आपलं काहीतरीच."

"तो उलट्या करतोय."

अतुलनं काडी खाली ठेवली. "मंजिरी, काय बोलतेयस कळतंय का तुला? एकोणीस वर्षांची शेजारीण आहे ती. तुझ्या बायपासच्या वेळी महिनाभर डबे कुणी आणले?"

मंजिरीनं टॉवेलला हात पुसले. पण संशय म्हणजे दातात अडकलेला भाजीचा दोरा, जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जाते. केअरर का बंद केली? अकरा ठोके का थांबली? तिनं मुलीला, ईशिताला फोन लावला. ईशिता एडिनबरामध्ये कम्युनिटी नर्स होती, घरोघरी जाऊन आजाऱ्यांची ड्रेसिंग करायची. इथंच जन्मलेली, त्यामुळं तिचं मराठी प्रेमळ पण लंगडं.

"आई, तू तिला विचारला का, डायरेक्टली?"

"विचारलं. खोटं बोलली."

"ओके. पण लिसन, माझा ऐक. दोन वर्षं ती एकटा सगळं करतेय ना? कदाचित ती फक्त थकला असेल. आणि जर तुला खरंच वाटते की कीथ सेफ नाही, तर यू हॅव टू टेल समवन. सोशल सर्व्हिसेसला. पण आधी तिच्याशी बोल. पाठून नको."

"बोलते," मंजिरी म्हणाली.

पण बोलली नाही. बोलायचं म्हणजे काय बोलायचं? तू नवऱ्याला विष घालतेयस का? त्यापेक्षा तिला दुसरा मार्ग सुचला. दुसऱ्या दिवशी आल्याचा तुकडा तर तिनं नेलाच, शिवाय मुगाचं पातळ कढणही नेलं. "पोट बिघडलंय तर हे बरं," ती म्हणाली, "आणि तू जरा पाठ टेक, मी भरवते." मॉरीन बाजूला झाली.

कीथची कातडी मेणासारखी पिवळट दिसत होती. मंजिरीला बघून त्याच्या डाव्या गालावर हसू आलं. ती एकेक चमचा त्याच्या ओठांशी नेत राहिली. मॉरीन आत गेल्यावर तिनं खाली वाकून हळूच विचारलं, "कीथ, तोंडाला मुंग्या येतात का? जीभ बधिर होते?" त्यानं तिच्याकडे नुसतं बघितलं आणि मान हलवली. नाही म्हणाला की कळलं नाही म्हणाला, काय समजायचं?

वाटी धुवायला ती स्वयंपाकघरात गेली, तर ओट्यावर किसणी, आणि किसणीत पांढुरका कीस. मॉरीन तिथं नव्हती. मंजिरीनं किसणी नाकाशी नेली. कीस आल्याचाच होता. तिनंच तासापूर्वी दिलेलं आलं. तिला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली, की वाटी न धुताच ती घरी आली.

तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा डबा घेऊन गेली, तिसऱ्या दिवशीही. कीथची उलटी थांबली. यानं खरं तर तिला बरं वाटायला हवं होतं. पण मनानं वेगळाच हिशेब मांडला: माझं जेवण सुरू झालं आणि उलटी थांबली.

त्याच तीन दिवसांत आणखी एक झालं. दुपारी तीनच्या सुमाराला, उन्हं उतरता उतरता, मॉरीन मंजिरीच्या समोरच्या दाराशी आली. एरवी ती फाटकातून यायची, हाक मारत यायची. आता ती कोटाच्या आत काहीतरी छातीशी धरून नुसती उभी होती. मंजिरीनं वरच्या खोलीच्या पडद्याआडून बघितलं. काय आणलंय हिनं? अतुल घरी नव्हता. बेल वाजली नाही. मिनिटभर उभी राहून मॉरीन परत गेली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी बेल वाजली, एकदाच, दबकत. मंजिरी पडद्यापासून मागं सरली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर श्वास रोखून बसली. दार उघडलं नाही.

चौथ्या दिवशी ती कीथला पातळ भात भरवत होती. मॉरीन दारात येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "त्यानं माझ्या हातचं खाऊ नये, असं तुला वाटतंय."

मंजिरीचा चमचा हवेतच राहिला. कीथ एकीकडून दुसरीकडे बघत होता.

"तसं नाही गं..."

"वाटी ठेव खाली आणि चल माझ्याबरोबर."

मॉरीन पुढं आणि मंजिरी मागं, अशा दोघी बागेच्या टोकाला कीथच्या शेडपाशी गेल्या. शेडला नवं कुलूप होतं. मॉरीननं ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढली. आत कुदळी, कुंड्या, कीथची ती जुनी उशी. सगळ्यात वरच्या फळीवरून तिनं रंगाचा एक रिकामा डबा काढला. झाकणाभोवती चिकटपट्टीचे तीन-चार वेढे होते.

"हेच शोधत होतीस ना? माझ्या बिनमध्ये हात घालून?"

मंजिरीनं डब्याकडे बघितलं. "कशासाठी ठेवलंस हे?"

"ठेवलं नाही. काढलं." मॉरीनचा आवाज अगदी सपाट होता. "भांडी घासायला उभी राहिले की समोर तोच कोपरा येतो. दिवसातून दहा वेळा. फुलं होती तोवर मी फुलं बघत होते. फुलं गेली तरी बघतच होते. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, की मी झाडाकडे बघत नाहीये. खाली जमिनीकडे बघतेय."

मॉरीननं डब्यावरची चिकटपट्टी अंगठ्यानं दाबली.

"आत त्याचा चमचा वाजत होता आणि मी जमिनीकडे बघत होते. तू होतीस त्या दिवशी. तू गेल्यावर मी कुदळ घेतली आणि सगळं उपटलं. एक तुकडा राहू दिला नाही, माती चाळून बघितली. पण काढल्यावर टाकू कुठं? बिन तर दाराशीच. जाळलं तर धूर वाईट, कीथच म्हणायचा. म्हणून डब्यात घातलं आणि कुलूप लावलं. पण किल्ली माझ्याच खिशात ना! मग वाटलं, तुला द्यावं. तुला ठाऊक आहे ते काय आहे. तूच सांगितलं होतंस. तीन दिवस आले मी तुझ्या दारात. पडदा हलताना दिसला मला, मंजिरी. तिन्ही दिवस."

शेडच्या पत्र्यावर एक पक्षी टुकटुक चालत होता. मंजिरीला वाटलं, काहीतरी म्हणावं, माफी मागावी, पण तोंडातून आलं ते भलतंच.

"माझे सासरे अडीच वर्षं अंथरुणावर होते. कोल्हापूरला. अतुल इकडे आलेला, मी तिकडे एकटी. अठ्ठावीस वर्षांची होते मी. एका दुपारी त्यांना ठसका लागला, पाणी मागत होते. तांब्या भरून माझ्या हातात होता. आणि मी दारातच उभी राहिले. किती वेळ, ते मला आजही सांगता येणार नाही."

"मग दिलंस ना पाणी?"

"दिलं."

"मग झालं."

"नाही झालं. ते पुढं सहा महिने जगले, आणि पाणी देताना दर वेळी माझ्याकडे बघायचे. अतुलला मी हे कधी सांगितलं नाही. तेहतीस वर्षं झाली." मंजिरीनं नाक पुसलं. "तू अकरा ठोके थांबलीस, ते मी मोजले. दुसऱ्या कुणी मोजले नसते."

मॉरीननं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात माया नव्हती आणि रागही नव्हता. तिनं डबा मंजिरीच्या हातात दिला, शेड बंद केली आणि म्हणाली, "भात गार होईल त्याचा."

संध्याकाळी मंजिरीनं अतुलला डब्याचं सांगितलं. तांब्याचं नाही सांगितलं. अतुल यावेळी 'तुझं आपलं काहीतरीच' म्हणाला नाही. सकाळी त्यानं डबा गाडीत ठेवला आणि कौन्सिलच्या कचरा केंद्रावर नेऊन तिथल्या माणसाला नीट सांगून, जालीम रसायनं ठेवतात तिथं देऊन आला. ईशितानं मॉरीनला स्वतः फोन केला. दोघी पाऊण तास बोलल्या. काय बोलल्या ते ईशितानं आईला सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, "मी तिला सांगितला की डॉक्टरला तेच वाक्य सांग जे तू मला सांगितला. सेम वर्ड्स. मला माझी भीती वाटते."

मॉरीननं सांगितलं. त्यानंतर सगळं भराभर झालं, इतकं भराभर की दोन वर्षं हे कुठं अडलं होतं, असा प्रश्न पडावा. कौन्सिलची बाई येऊन बघून गेली. सकाळ-संध्याकाळ केअरर सुरू झाल्या. कीथनं पहिल्या दोघींवर पाणी उडवलं, तिसरीशी त्याचं जमलं. उलट्यांचं कारण नवीन गोळी निघाली, ती बदलली. ख्रिसमसच्या आधी त्याला दोन आठवडे नर्सिंग होममध्ये ठेवलं. त्यातले पहिले तीन दिवस मॉरीननं फक्त झोप काढली.

हे सगळं चांगलंच झालं. पण दोघींमधलं काहीतरी मोडलं ते मोडलंच. शेडमधल्या त्या दिवसानंतर मंजिरी डबा घेऊन गेली तेव्हा फाटकाला आतून कडी होती. ती वळसा घालून समोरून गेली. मॉरीननं डबा घेतला, आभार मानले, आत बोलावलं नाही. राग तरी कुठल्या गोष्टीचा होता? संशय घेतल्याचा, की संशय अगदीच खोटा नव्हता याचा? मंजिरीला वाटायचं, ज्या माणसानं आपल्याला इतकं आतून बघितलं, त्याचं तोंड रोज बघणं सोपं नसावं. तिचं स्वतःचंही तसंच झालं होतं. तांब्याची गोष्ट आता कुंपणापलीकडे कुणालातरी ठाऊक होती.

डाव्या बाजूचे देठ तसेच राहिले. पावसात काळे पडले, वाकले. ते कापायला कुणी गेलं नाही.

जानेवारीत मॉरीन अधूनमधून बोलू लागली. हवेबद्दल, कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते त्याबद्दल. एकदा तिनं स्वतःहून सांगितलं की गुरुवारी ती चर्चच्या कॉफीला जाते, मंजिरीनं तासभर कीथपाशी बसलं तर चालेल का. मंजिरी बसली. दर गुरुवारी बसू लागली. कीथला ती बागेच्या जुन्या कॅटलॉगमधली चित्रं दाखवायची. एकदा मंक्सहूडचं पान आलं तेव्हा त्यानं डावा हात त्यावर ठेवला आणि मागच्या बागेच्या दिशेनं बोट केलं. तिनं पान उलटलं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी नवाच्या सुमाराला, बेल वाजली. मंजिरीनं लगेच दार उघडलं. मॉरीन होती, घरातल्याच कपड्यांत, पायात सपाता.

"कीथ गेला," ती म्हणाली. "आत्ता. अर्धा तास झाला."

मंजिरीनं तिचा हात धरला. सहा-सात दिवस कीथच्या छातीत कफ भरला होता, डॉक्टर दोनदा येऊन गेले होते, फार दिवस नाहीत असं म्हणाले होते, हे सगळं तिला ठाऊक होतं. आणि तरीही, डोळ्याची पापणी लवावी एवढ्या वेळात, तिची नजर मॉरीनच्या हातांवर गेली, नखांवर गेली. तिनं ती लगेच उचलली. पण मॉरीननं बघितलं होतं.

"विचार," मॉरीन म्हणाली.

"काही विचारायचं नाही मला. आत ये."

"नाही. आत्ता विचार. नाहीतर तू जन्मभर पडद्याआडून बघत राहशील, आणि मला ते कळत राहील. मला नाही जमणार ते."

रस्त्यावर मुलांच्या शाळेला उशीर झालेलं कुणीतरी घाईघाईनं गाडी मागं घेत होतं. ती जाईपर्यंत मंजिरी थांबली. मग तिनं विचारलं. ज्या शब्दांत विचारायला ती तीन महिने घाबरली होती, त्याच शब्दांत. "तू काही केलंस का?"

"नाही," मॉरीन म्हणाली. "केअरर त्याचं तोंड पुसत होती. मी पायात मोजे घालत होते त्याच्या. एक घातला, दुसरा घेतला, आणि तो नव्हता."

ती मंजिरीकडे थेट बघत राहिली. मंजिरीनंही नजर हलवली नाही. तिला ते पटलं. पुरतं पटलं, मनात कुठं काही अडकून न राहता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"दुसरा मोजा अजून तसाच आहे," मॉरीन म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज फुटला. "मला परत जाऊन तो घालायचा धीर होत नाहीये."

"मी येते," मंजिरी म्हणाली. तिनं जिन्याखालून हाक मारून अतुलला सांगितलं, कोट अंगात घातला आणि मॉरीनला धरून ती कीथच्या खोलीकडे निघाली.